गुत्तेदार ते नोंदणीकृत कंत्राटदार : हिंगोलीची गोष्ट

आपल्या भागात रस्त्याचं काम कुणाकडं आहे असं विचारलं, तर उत्तर येतं, ‘अमक्या गुत्तेदाराकडं’. पुण्या-नाशकाकडं ठेकेदार, आपल्याकडं गुत्तेदार. हा शब्द निजामी राजवटीची खूण आहे. गुत्ता म्हणजे ठरावीक रकमेवर सरकारकडून घेतलेला मक्ता. शिंदी-दारूचा गुत्ता असायचा. पुढं बांधकामालाही तोच शब्द चिकटला. म्हणजे पहिला प्रश्न ऐपतीचा, कसबाचा नंतर. आजची नोंदणी समजून घ्यायची तर ही गोष्ट लक्षात ठेवा.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. पण कायदे एका रात्रीत आले नाहीत. इंग्रजी मुलखातला 1932 चा भागीदारी कायदा आपल्याकडं लागू झाला 1951 मध्ये. त्याचं कलम 69 फार मोलाचं. भागीदारी संस्था नोंदवणं सक्तीचं नाही. पण नोंद नसेल तर संस्थेला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. बिल अडकलं तर बोलायचं कुठं? म्हणून फर्म नोंदवणं आलं.

1956 ला आपण मुंबई राज्यात गेलो, 1960 ला महाराष्ट्रात. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं उभी राहिली. 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या, गावोगाव शाळा, रस्ते, पाझर तलाव निघाले. कामं वाढली, तशी सार्वजनिक बांधकाम खात्याची वर्गवार नोंदणी महत्त्वाची ठरली. तुमचा वर्ग कोणता, त्यावर किती रकमेपर्यंतची निविदा भरता येईल हे ठरतं. त्यासाठी बँकेचं ऐपत प्रमाणपत्र, केलेल्या कामांचा अनुभव, यंत्रसामग्री दाखवावी लागते.

इथं एक पेच आहे. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. सेनगाव-कळमनुरीच्या शेतकऱ्याचा पोरगा पदवी घेऊन आला तर त्यानं काय करायचं? यावर राज्यानं वाट काढली. सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांची वेगळी नोंदणी केली आणि ठरावीक मर्यादेतली लहान कामं वाटून दिली. बरीच वर्षं प्रमाण होतं 33-33-34 : मजूर सहकारी संस्था 33 टक्के, बेरोजगार अभियंते 33 टक्के, उरलेले 34 टक्के खुल्या कंत्राटदारांना.

कल्पना चांगली, पण पळवाटही तिथंच. नाव एकाचं, काम दुसऱ्याचं. पोराच्या हाती टक्केवारी येते, अनुभव येत नाही. आणि पूल खचला तर कागदावर सापडतो तोच.

मजुरांचं काय? 1970 च्या केंद्रीय कायद्यानं 20 किंवा जास्त कंत्राटी मजूर लावणाऱ्याला परवाना लागू केला. 1996 मध्ये बांधकाम कामगारांसाठी वेगळा कायदा आणि उपकर आला. म्हणजे डोक्यावर घमेलं वाहणारी बाई सरकारी नोंदीत यायला स्वातंत्र्यानंतरची पन्नास वर्षं गेली.

आता शेवटचा मुद्दा. वास्तुविशारदांसाठी 1972 चा देशव्यापी कायदा आहे. स्थापत्य अभियंत्यांसाठी तसा नाही. नगरपालिका आपापल्या हद्दीत परवाने देतात, खातं कंत्राटदार नोंदवतं; पण ज्याच्या आकडेमोडीवर स्लॅब उभा राहतो, त्याची देशभर चालणारी नोंद नाही. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा झाला, निविदा संगणकावर आल्या, जीएसटी क्रमांक आला. तरी फाईल उघडली की वरच तो जुना प्रश्न असतो : ऐपत आहे का? ‘येतं का?’ हा प्रश्न आपण कधी विचारणार, एवढंच मला विचारायचं होतं.