कोटनीस : एका आडनावाचा प्रवास

‘पूर्ण नाव काय?’ असं विचारणाऱ्याला बऱ्याचदा फक्त शेवटचा शब्द हवा असतो. पुण्यात भाड्याने खोली शोधताना हे मला नीट कळलं. नाव, नोकरी, पगार सगळं सांगून झालं, तरी घरमालकाचं समाधान आडनाव ऐकल्यावरच होतं. किंवा होत नाही.

अशा वेळी मला आमच्या सोलापूरचं एक आडनाव आठवतं. डॉ. द्वारकानाथ कोटनीस. 1910 साली सोलापुरात जन्मलेले, चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉक्टर. शाळेत त्यांच्यावर धडा होता, भाषणं होती. पण ‘कोटनीस’ म्हणजे काय, हे कधी कुणी सांगितलं नाही.

कोट म्हणजे किल्ला. आणि ‘नीस’ हे फारसी ‘नवीस’चं मराठी रूप, अर्थ लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस. पोतं म्हणजे खजिना, त्याचा हिशेब लिहिणारा पोतनीस. तसा किल्ल्याचं दप्तर लिहिणारा कोटनीस. सोलापुरात भुईकोट आहे, त्यामुळे दोन्हींची गाठ लगेच बांधावीशी वाटते. पण आडनाव काम सांगतं, किल्ला कुठला ते सांगत नाही.

ही पदं सुलतानांच्या काळात दख्खनमध्ये रुळली. 1674 मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी दरबारातल्या पदांना संस्कृत नावं मिळाली. मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनीसाचा मंत्री, सुरनीसाचा सचिव. पण लोकांच्या घरात मुजुमदार आणि वाकनीस राहिलेच. दप्तरातला शब्द हुकमाने बदलतो, आडनाव तसं बदलत नाही.

हे फक्त आपल्याकडेच नाही. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट कप्तान मायकल क्लार्क आठवतो ना? क्लार्क म्हणजे कारकून. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लिहिता-वाचता येणारे बहुतेक चर्चमधलेच असत. त्यांच्यासाठीचा शब्द पुढे लेखनिकाचा झाला आणि मग आडनाव. म्हणजे क्लार्क आणि चिटणीस तसे एकाच धंद्यातले.

फरक पुढे पडतो. क्लार्क ऐकून आज कुणी त्याचं मूळ शोधायला जात नाही. आपल्याकडे काम सुटलं, दप्तर गेलं, तरी आडनावावरून जात ओळखायची सवय राहिली. कामाची पाटी जन्माची पाटी झाली.

म्हणून या आडनावाचं चीनमध्ये काय झालं ते मला महत्त्वाचं वाटतं. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. सुभाषचंद्र बोस तेव्हा अध्यक्ष होते. तिथे कोटनीसांचं नाव झालं ‘के दिहुआ’. चीनमध्ये आडनाव आधी येतं. ‘के’ हे तिथलं जुनंच आडनाव. ‘के’ आणि ‘दि’ मिळून कोटनीसचा उच्चार जेमतेम पकडला गेला. ‘हुआ’ म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांना हा ‘हुआ’ जोडला गेला.

कोट गेला, नीस गेला, फारसी गेली. त्या नावावरून तिथे कुणालाही त्यांची जात कळली नसती. उरलं ते समोर दिसणारं काम. 1941 मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. मुलगा काही महिन्यांचा असताना, 9 डिसेंबर 1942 रोजी कोटनीस वारले. वय 32. मुलगाही 1967 मध्ये, ऐन पंचविशीत गेला.

सोलापुरात भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. तिथली पाटी वाचताना आता वाटतं, कोट कुठला आणि त्याचा पहिला नीस कोण, हे कळलं नाही तरी चालेल. या कोटनीसांनी काय काम केलं, ते आपल्याला माहीत आहे.