अनुभवाचा पैरा

पैरा आपणांस नवा नाही. एक बैल तुझा, एक माझा. आज तुझ्या रानात औत, उद्या माझ्या. बैलांचा पैरा होतो, मग अनुभवाचा का होऊ नये? आपल्या कोल्हापूर भागात तसा झाला आहे. त्याची ही हकिगत.

1956 साली पुणे नभोवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, तेव्हाचे अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतील 150 गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा वीसएक माणसे रेडिओभोवती बसत. ऐकायचे, चर्चा करायची, मग करून पाहायचे, असा नेम. शंका केंद्राकडे कळवायच्या. ही कल्पना मूळची कॅनडातील शेतकरी मंडळांची. परंतु यात एक गोष्ट उरली. गावाचा प्रश्न पुण्याला पोचे. एका गावाचा अनुभव दुसऱ्या गावाला कसा पोचावा?

याचे उत्तर गारगोटीत शोधले गेले. डॉ. जे. पी. नाईक यांनी उभारलेल्या मौनी विद्यापीठात श्रीपाद अच्युत दाभोळकर गणित शिकवीत. त्यांनी 'प्रयोग परिवार' जमवला. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात प्रयोग करावा, मोजावा, लिहावा आणि दुसऱ्या प्रयोगकर्त्याला कळवावा, एवढीच त्याची रीत. येथे कोणी नुसता विद्यार्थी नाही, कोणी नुसता गुरू नाही.

गणिताच्या माणसाने शेतीकडे कसे पाहिले ते पाहा. दाभोळकर हिशेब मांडीत, की एक चौरस फूट पान दिवसभराच्या चांगल्या उन्हात सुमारे 3 ग्रॅम सुके वजन तयार करते. म्हणजे ऊन हेच आपले भांडवल. पानावर ऊन किती पडते, सावली कोठे होते, हे ज्याने ओळखले त्याला पीक समजले. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची गरज भागावी, असा त्यांचा ध्यास होता. तासगावच्या दुष्काळी पट्ट्यातील द्राक्षबागायतदारांनी ही दृष्टी उचलली. छाटणी केव्हा करावी, वेलीवर पाने किती राखावीत, याचे अनुभव एकमेकांना सांगत त्यांनी बागा फुलवल्या. दाभोळकरांचे 'प्लेंटी फॉर ऑल' हे पुस्तक 1998 साली निघाले.

आता जरा दूर जाऊ. 1924 च्या जूनमध्ये त्या वेळच्या जर्मनीतील कोबरविट्झ येथे रुडॉल्फ स्टायनर यांनी शेतीवर व्याख्याने दिली. त्यांतून जैवगतिशील शेती निघाली. तेव्हाच ऐकणाऱ्या शेतकऱ्यांचे एक प्रयोग-मंडळही स्थापन झाले. सांगितलेले आपापल्या शेतात पारखावे, हे त्याचे काम. गाईच्या शिंगात पुरलेले शेण, नक्षत्रांप्रमाणे पेरणी, ही त्या पंथाची अंगे शास्त्रज्ञांना सरसकट पटत नाहीत. दाभोळकरांची वाटही वेगळीच. पण मंडळाची गरज दोघांना सारखीच वाटली, हे ध्यानात घ्यावे.

कारण येथेच खरी मेख आहे. शेतकरी यश चारचौघांत सांगतो आणि फसलेला प्रयोग गिळून टाकतो. मग शेजारी तोच खर्च करून त्याच खड्ड्यात पडतो. म्हणून नवे खत, नवी फवारणी आधी चार सऱ्यांवर करावी आणि शेजारच्या चार सऱ्या तशाच ठेवाव्यात. फरक दिसला तर सांगावा. नाही दिसला तर तोही सांगावा.

गुरुजी, येथे आपली गरज आहे. शाळेत एक वही ठेवा. तारीख, जमीन, पाणी, खर्च, उतारा एवढे लिहून घ्या. शेजारच्या गावच्या शाळेतही अशीच वही सुरू होऊ द्या, आणि महिन्यातून एकदा वह्यांची अदलाबदल करा. पैऱ्याचा बैल संध्याकाळी थकून परत येतो. अनुभवाचे तसे नाही. तो चार घरी फिरून आला, की सोबत आणखी चार अनुभव घेऊन येतो.