दुष्काळ निधी आणि भंडारा जिल्हा

1896 साली मध्य प्रांतात पावसाळा अर्ध्यातच उघडला. भंडारा जिल्ह्याचे मुख्य पीक धान. लोंबी भरण्याच्या वेळी पाणी तुटले की शेतकऱ्याच्या हाती तणसच उरते. याच जिल्ह्यातल्या दिघोरीचा परिसर तलाव आणि बोड्यांच्या (छोट्या तळ्यांच्या) भरवशावर धान पिकवणारा, पण आभाळाने पाठ फिरवल्यावर तलाव तरी किती पुरणार? 1899-1900 मध्ये तर पावसाने पुरता दगा दिला. जिल्ह्याची लोकसंख्या 1891 मध्ये सुमारे 7 लाख 43 हजार होती. 1901 मध्ये ती 6 लाख 63 हजारांवर आली.

या काळात भारतातल्या दुष्काळग्रस्तांसाठी परदेशात मोठ्या प्रमाणावर वर्गणी गोळा झाली. जानेवारी 1897 मध्ये कलकत्त्यात धर्मादाय दुष्काळ निधी उघडण्यात आला. लंडनच्या महापौरांनी मॅन्शन हाउसमधून आवाहन केले आणि देशातून व परदेशातून मिळून दीड कोटीहून अधिक रुपये जमले. मध्यवर्ती समितीकडून हा पैसा प्रांतांच्या समित्यांना मिळे आणि तेथून जिल्ह्यांत पोहोचे. जमाखर्चाचा सविस्तर अहवाल पुढे छापला गेला.

पैसा कशावर खर्च करायचा, हे आधीच जाहीर होते. जीव वाचवण्याची जबाबदारी सरकारची मानली होती. वर्गणीचा पैसा त्यापलीकडच्या चार कामांसाठी राखला होता: अन्नाला जोड म्हणून कपडे व किरकोळ गरजा, अनाथ मुलांचा सांभाळ, उघडपणे मदत मागू न शकणाऱ्या कुटुंबांना आधार आणि सर्वस्व गेलेल्या शेतकऱ्याला नव्याने उभे करणे. सर्वाधिक रक्कम चौथ्या कामावर गेली. मृग तोंडावर आलेला असताना बैल विकलेल्या, बियाण्याचे धान खाऊन संपलेल्या कास्तकाराला बैल आणि बियाणे मिळाले, तरच त्याचे शेत पेरले जाई.

मदत मागण्याची रीत मात्र नेहमीच निर्दोष नव्हती. अमेरिकी लेखक ज्युलियन हॉथॉर्न यांनी 1897 मध्ये ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकात दुष्काळाचे वृत्तान्त लिहिले. हाडांचे सापळे झालेल्या माणसांची छायाचित्रे दात्यांपुढे आली. दाता हळहळला, पण छायाचित्रातल्या माणसाचा मान राखला गेला नाही. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली आणि स्त्रियांना आश्रय दिला, त्यांचे प्राण वाचले. मात्र मिशनऱ्यांच्या आश्रयाला गेलेल्या अनाथांच्या धर्माचा प्रश्न त्या काळी वादाचा ठरला. पुढच्या दुष्काळात, 1900 मध्ये, न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या नियतकालिकाने वाचकांना आवाहन केले आणि ‘क्विटो’ जहाजातून मका मुंबईला आला.

मदतीतल्या अशा प्रश्नांवर पुढे नियम आले. रेडक्रॉस व इतर संस्थांच्या 1994 च्या आचारसंहितेनुसार मदतीचा वापर धर्मप्रसारासाठी किंवा राजकीय मतासाठी करायचा नाही, दाता आणि लाभार्थी या दोघांनाही हिशेब द्यायचा आणि प्रसिद्धीत आपद्ग्रस्ताला सन्मानाने दाखवायचे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांवर 1950 च्या कायद्याने धर्मादाय आयुक्तांची देखरेख आहे. परदेशी देणग्यांसाठी 1976 मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि 2010 मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. 2020 च्या दुरुस्तीनंतर अशा देणगीतला जास्तीत जास्त 20 टक्के भाग प्रशासकीय खर्चासाठी वापरता येतो.

भुकेल्याच्या नावाने मागितलेल्या प्रत्येक रुपयाचा हेतू आधी सांगावा, हिशेब नंतर द्यावा आणि त्या माणसाची अब्रू सदैव जपावी, हीच जबाबदार निधिसंकलनाची कसोटी आहे.