दुष्काळ हा शब्द घटनेत कसा आला

१ मे १८९७ रोजी कोलकात्याच्या बागबाजारात, दिवंगत बलराम बसू यांच्या घरी रामकृष्ण परमहंसांचे संन्यासी आणि गृहस्थ शिष्य एकत्र जमले. सभा बोलावली होती स्वामी विवेकानंदांनी. त्या दिवशी संघ स्थापण्याचे ठरले. ५ मे रोजी पुन्हा बैठक झाली आणि ‘रामकृष्ण मिशन असोसिएशन’ची उद्दिष्टे व पदाधिकारी निश्चित झाले. विवेकानंद सर्वाध्यक्ष, ब्रह्मानंद कोलकाता केंद्राचे अध्यक्ष, योगानंद उपाध्यक्ष आणि अॅटर्नी नरेंद्रनाथ मित्र चिटणीस झाले. दर रविवारी दुपारी चार वाजता बलरामबाबूंच्या घरी सभा भरवायची, असेही ठरले.

त्या बैठकीतील उद्दिष्टांचा मसुदा आज उपलब्ध आहे. सर्व धर्मांच्या अनुयायांत बंधुभाव वाढवणे, लोकांच्या ऐहिक व पारमार्थिक कल्याणाची विद्या शिकवणारी माणसे तयार करणे, कला-उद्योगांना उत्तेजन देणे, वेदान्तविचार लोकांपर्यंत नेणे आणि राजकारणापासून अलिप्त राहणे, ही त्याची कलमे. त्यात दुष्काळ नाही, इस्पितळ नाही, अनाथालयही नाही.

यानंतर ४ मे १९०९ रोजी, १८६०च्या २१व्या कायद्याखाली नोंदवलेले रामकृष्ण मिशनचे उद्देशपत्र समोर ठेवावे. त्यात शाळा आणि महाविद्यालयांच्या जोडीला अनाथालये, कार्यशाळा, इस्पितळे, दवाखाने, पंगू व पीडितांसाठी निवारे आणि दुष्काळनिवारणाची कामे असे शब्द एकामागून एक येतात. दोन्ही कागदांमध्ये बारा वर्षांचे अंतर आहे. या बारा वर्षांत काय घडले, ते तारखांच्या आधाराने जुळवता येते.

बागबाजारात सभा चालू होती तेव्हा रामकृष्णांचे एक शिष्य, स्वामी अखंडानंद, तिथे नव्हते. ते मुर्शिदाबाद जिल्ह्यात पायी हिंडत होते. तो भाग दुष्काळाने होरपळला होता. आपल्या बंगाली आठवणींत त्यांनी लिहिले आहे, की दादपूर गावात घागर फुटली म्हणून रडणारी एक मुसलमान मुलगी त्यांना दिसली. घरात पाण्याला दुसरे भांडे नव्हते. जवळच्या तुटपुंज्या पैशांतून त्यांनी तिला घागर आणि थोडे पोहे घेऊन दिले. त्यांना पुढे जायचे होते, पण ते जाऊ शकले नाहीत. हा प्रसंग बऱ्याच वर्षांनी लिहिलेला आहे, तेव्हा त्याचा तपशील स्मृतीच्या भरवशावर घ्यावा लागतो. पुढच्या गोष्टींना मात्र त्या काळातल्या पत्रांचा आधार आहे. अखंडानंदांनी गुरुबंधूंच्या मठाला परिस्थिती कळवली. विवेकानंदांनी दोन सहकारी आणि दीडशे रुपये धाडले. १५ मे रोजी महुला गावी धान्यवाटप सुरू झाले. जिल्हाधिकारी लेव्हिंज यांचेही साहाय्य मिळाले. जूनमध्ये विवेकानंदांनी अल्मोड्याहून अखंडानंदांना पत्र लिहून या कामाबद्दल मनापासून आनंद व्यक्त केला. दुष्काळाने पोरकी केलेली मुले मागे उरली, म्हणून त्याच वर्षी अनाथालय उभे राहिले.

म्हणजे सभा आणि महुला यांत जेमतेम पंधरा दिवसांचे अंतर आहे. अखंडानंद सभेच्या आदेशावरून तिथे थांबले, असे कोणताही कागद सांगत नाही. पण हे काम अचानक उगवले, असेही म्हणता येत नाही. १९ मार्च १८९४ रोजी विवेकानंदांनी शिकागोहून गुरुबंधू रामकृष्णानंदांना लिहिलेल्या पत्रात संन्याशांनी गावोगाव जाऊन गरिबांना शिकवावे, हा विचार स्पष्ट आहे. त्याच वर्षी खेतडीत राहणाऱ्या अखंडानंदांनाही त्यांनी घरोघर जाण्यास सांगितले होते. बीज पत्रांत पडले होते. ते रुजले महुलाच्या भुकेत.

गुरुबंधूंना हे सहज पटले नव्हते, याचीही नोंद आहे. शरच्चंद्र चक्रवर्ती यांच्या ‘स्वामी-शिष्य-संवाद’ या आठवणींत योगानंदांची शंका येते: ही पद्धत परकी आहे, ठाकुरांची, म्हणजे रामकृष्णांची, शिकवण अशी होती काय? ही सभेची टिपणे नाहीत, नंतर लिहिलेला संवाद आहे. तरी तो प्रश्न खरा होता. ईश्वरदर्शनासाठी घर सोडलेल्या माणसाने धान्याची पोती का मोजावीत? शिवभावाने जीवाची सेवा, या रामकृष्णांच्या शिकवणीत विवेकानंदांना त्याचे उत्तर सापडले होते.

मग प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली ही साथ १८९८ मध्ये कोलकात्यात पोचल्याच्या बातमीने शहर भेदरले. विवेकानंद दार्जिलिंगहून तातडीने परतले आणि मठाच्या नावे बंगालीत पत्रक निघाले. घाबरू नका, लस बळजबरीने टोचली जाणार नाही, घर-अंगण स्वच्छ ठेवा, हा त्याचा आशय. १८९९ मध्ये काम रीतसर उभे राहिले. भगिनी निवेदिता चिटणीस झाल्या आणि स्वामी सदानंदांनी सफाई कामगारांच्या सोबतीने बागबाजार, श्यामबाजारच्या वस्त्या झाडून काढल्या.

१९०० साली काशीत काही तरुणांनी रस्त्यावर टाकून दिलेल्या आजाऱ्यांची शुश्रूषा सुरू केली. त्यांच्या संस्थेच्या नावात गरिबांना मदत करण्याचा भाव होता. मदत करणारे आपण कोण, आपला अधिकार फक्त सेवेचा, असे सांगून विवेकानंदांनी १९०२ मध्ये नाव बदलायला लावले. हरिद्वारजवळच्या कनखलला १९०१ मध्ये स्वामी कल्याणानंदांनी आजारी साधूंसाठी आणि गोरगरिबांसाठी सेवाश्रम उघडला. पुढे स्वामी निश्चयानंद त्यांच्या हाताखाली येऊन राबले. हे पूर्वाश्रमीचे सूरज राव, सैन्यातली नोकरी सोडून आलेले महाराष्ट्रीय.

जानेवारी १९०१च्या विश्वस्तपत्राने बेलूर मठाची मालमत्ता संन्यासी विश्वस्तांकडे सोपवली होती. पसरत चाललेल्या सेवाकार्याला मात्र वेगळे कायदेशीर रूप हवे होते. म्हणून १९०९ची नोंदणी झाली.

त्या उद्देशपत्रातले ते कलम रुक्ष कायदेशीर भाषेत आहे. पण या तारखा शेजारी ठेवून ते वाचले, की त्यातला एकेक शब्द आधी जगला गेलेला दिसतो. दुष्काळनिवारण म्हणजे महुलाचे धान्य, अनाथालय म्हणजे तिथली पोरकी मुले, इस्पितळ म्हणजे काशी आणि कनखलच्या खाटा. १८९७च्या मसुद्यात जागा न मिळालेली भूक १९०९ मध्ये घटनेचा भाग झाली, कारण मधल्या बारा वर्षांत कुणीतरी तिच्यासाठी वाट अर्धवट सोडून थांबले होते.