ब्रोमेलियाड : खानदेशातील घरगुती लागवड व अभिवृद्धी

ब्रोमेलियाड हे अननस कुलातील (ब्रोमेलिएसी) वनस्पतींचे सर्वसाधारण नाव. या कुलात ७५ ते ८० प्रजाती आणि ३,५०० हून अधिक जाती आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत खडकांवर वाढणारी पिटकेर्निया फेलिसियाना ही एक जात सोडली, तर बाकी सगळ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या. स्वीडिश वैद्य व वनस्पतिज्ञ ओलोफ ब्रोमेलियस (१६३९–१७०५) यांच्यावरून कुलाला नाव पडले. मराठी माणसाच्या ओळखीचा या घराण्यातला एकच सदस्य, तो म्हणजे अननस. कोलंबसाला १४९३ मध्ये ग्वादलूप बेटावर तो प्रथम भेटला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो हिंदुस्थानात आणला आणि फळाबरोबर तुपी-ग्वारानी भाषांतला शब्दही आपल्याकडे उतरला.

कुलातल्या निम्म्याहून अधिक जाती झाडांच्या फांद्यांवर किंवा कातळावर राहतात. गावाकडे झाडावर उगवलेल्या कशालाही बांडगूळ म्हणण्याची रीत आहे, पण ब्रोमेलियाड बांडगूळ नव्हे. ते यजमान झाडाचा रस शोषत नाही, फक्त बसायला जागा घेते. मुळांचे काम मुख्यतः पकडून ठेवण्याचे. पाणी आणि अन्न घेण्याचे बरेचसे काम पानांवरचे सूक्ष्म खवले करतात. पाने बुडाशी एकमेकांना घट्ट बिलगून मध्ये पेला तयार होतो आणि त्यात पावसाचे पाणी साठते. मका किंवा केळीच्या मधल्या गुंडाळीला शेतकरी पोंगा म्हणतो. ब्रोमेलियाडच्या या पाणीभरल्या पेल्यालाही तोच शब्द चपखल बसतो, म्हणून या नोंदीत तो वापरला आहे.

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात हे झाड समजावून सांगायला केळीइतका सोपा दाखला नाही. सातपुड्याचा पायथा आणि तापी यांच्यामधला हा तालुका केळीचा. त्यातही ऑक्टोबरच्या आसपास लावल्या जाणाऱ्या कांदेबागेचा. केळ एकदाच निसवते, घड उतरला की खोडाचे काम संपते आणि बुडाशी आलेले पील पुढचे पीक देते. ब्रोमेलियाडचेही असेच. एका रोपाला आयुष्यात एकदा फुलोरा येतो, मग ते हळूहळू संपत जाते आणि बुडाशी पिले सोडून जाते. दोघे वेगवेगळ्या कुलांतले, नात्याने दूरचे, पण स्वभाव सारखा. केळीची पिलबाग राखलेल्या माणसाला घरी ब्रोमेलियाडची पिले सांभाळायला वेगळे शिकावे लागत नाही.

जाती निवडताना. रोपवाटिकेत सर्वांत आधी नजर जाते ती लाल, पिवळ्या तुऱ्याच्या गझमानियाकडे. खानदेशासाठी ही निवड बहुतेक वेळा चुकते. गझमानिया पावसाळी जंगलातली, मऊ पानांची. तिला दमट हवा लागते आणि चाळीस अंशांच्या कोरड्या झळीत पानांची टोके आठवड्यात तपकिरी होतात. दिवाळीच्या सुमारास घेतलेले फुललेले रोप तीन-चार महिने घर सजवते. तेवढ्यावर समाधान असेल तर घ्यावे. टिकाऊ बाग करायची असेल तर जाड, दातेरी पानांच्या जाती बऱ्या : बिलबर्जिया पिरॅमिडॅलिस, निओरेगेलिया, एक्मिया आणि अर्थात अननस. एक्मिया फॅसियाटाच्या राखाडी-रुपेरी पट्ट्यांच्या पानांवर गुलाबी तुरा कित्येक महिने टिकतो. मात्र तिच्या पानांमुळे काहींच्या हाताला खाज सुटते, म्हणून हातमोजे असावेत. निओरेगेलियाला उंच तुरा नसतो. फुलण्याच्या वेळी पोंग्याभोवतीची पाने लालभडक होतात आणि निळसर-जांभळी फुले पाण्याच्या पातळीशीच उमलतात. यांत सर्वांत चिवट बिलबर्जिया. फुलोरा जेमतेम दोन आठवडे टिकतो, पण पिले इतकी येतात की वाटायला शेजारी कमी पडतात.

टिलँडसिया या प्रजातीतल्या अनेक जातींना पोंगा नसतो आणि मातीही लागत नाही. बाजारात ती ‘एअर प्लांट’ म्हणून मिळते. लिनियसने टिलँडसिया हे नाव एलियास टिलँड्झ या वनस्पतिज्ञाच्या नावावरून ठेवले. समुद्रप्रवासात या गृहस्थांचे असे हाल झाले, की परतताना त्यांनी आखाताला वळसा घालून जमिनीवरचा लांबचा रस्ता धरला, अशी कथा आहे. पाण्याला भिणाऱ्या माणसाचे नाव पाण्याला भिणाऱ्या झाडाला, असा लिनियसचा विनोद. झाडाच्या बाबतीत तो चुकला. टिलँडसियाला पाणी हवेच असते, फक्त ते अंगावर साचून राहिलेले चालत नाही. चोपड्याच्या मे महिन्यात ती आठवड्यातून दोनदा अर्धा तास पाण्यात बुडवावी, मग उलटी धरून झटकावी आणि वाऱ्याशी ठेवावी. हे सकाळी करणे चांगले, कारण या कुलातल्या अनेक जाती दिवसा पानांची रंध्रे मिटून घेतात आणि रात्री उघडतात, तेव्हा पाने कोरडी हवीत.

ऊन आणि हवा. परदेशी पुस्तके ब्रोमेलियाडला थंडीपासून जपा म्हणून सांगतात. जळगाव जिल्ह्यात खरा शत्रू एप्रिल-मे. पारा ४५ अंशांच्या आसपास, हवा कोरडी ठाक, आणि गच्चीची फरशी रात्री दहालाही गरम. रोप गच्चीवर ठेवायचेच असेल तर फरशीवर टेकवू नये, तिपाईवर किंवा टांगून ठेवावे. वर ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी लावावी आणि पश्चिमेची बाजू झाकावी. त्याहून चांगली जागा म्हणजे पूर्वेचा ओटा किंवा आंब्या-निंबाच्या झाडाची सावली. उन्हाळ्यात घरोघरी चालणारा कूलर इथे कामी येतो. त्याची दमट हवा लांबून, हलकी लागेल अशा अंतरावर कुंड्या मांडल्या तर पानांची टोके वाचतात. धुळ्याकडे थंडीच्या लाटेत पारा दहाच्या बराच खाली जातो, तेव्हा गझमानिया आणि याच कुलातली क्रिप्टँथस घरात घ्यावीत. बाकीच्यांचा पोंगा त्या आठवड्यात रिकामा ठेवला तरी भागते.

पाणी. तापीकाठच्या बोअरवेलचे पाणी क्षारांचे. ते पोंग्यात आठवडाभर राहिले की पानाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेशी, बोटाने खरवडता येईल अशी पांढरी कड बसते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. तेच पान जाळतात. पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीखाली चार-पाच कॅन भरून ठेवले तर मोजक्या कुंड्यांना बरेच महिने पुरतात. ते शक्य नसेल तर फिल्टरचे पाणी वापरावे, आणि दर चार-पाच दिवसांनी पोंगा उलटा करून जुने पाणी काढून टाकावे.

तांब्याची बाब वेगळीच सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे ते सगळीकडे आहे. ब्रोमेलियाडला तांबे सोसत नाही. केळी-कापसाच्या घरात मोरचूद, बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड फडताळात असतेच. पानावर डाग दिसला की हात तिकडेच जातो. ती फवारणी ब्रोमेलियाडवर करू नये, पोंग्यात तर थेंबही जाऊ देऊ नये. रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेले पाणी माणसाने प्यावे, या झाडाला घालू नये. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी क्षारमुक्त असते हे खरे, पण तेही तांब्याच्या नळ्यांच्या जाळीवरून आलेले असते. टिलँडसिया बांधायलाही तांब्याची तार नको.

माती. शेतातली काळी माती कुंडीत घालणे हा नवख्यांचा ठरलेला अपराध. ती पाणी धरते, वाळली की भेगाळते, आणि मुळांना हवा मिळत नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे (दोन-तीनदा धुऊन), लोणारी कोळसा, विटांचे बारीक खडे आणि थोडा पालापाचोळा असे भुसभुशीत मिश्रण घ्यावे. कुंडी लहान असावी. चार-पाच इंची पुष्कळ होते. खत बेताचे. ठिबकमधून सोडायचे १९:१९:१९ घरात असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही पावसाळा ते माघापर्यंत. नत्र वाढले की निओरेगेलियाचा लाल रंग उतरतो आणि पाने लांबट, हिरवी, लोळणारी होतात. युरियाचा दाणा पोंग्यात पडला तर गाभा सडतो.

पिले वेगळी करणे. घरगुती अभिवृद्धीचा हाच खरा मार्ग. फुलोरा येऊन गेल्यावर, कधी त्याआधीच, बुडाशी एक ते चार पिले दिसू लागतात. घाई नडते ती इथेच. बोटभर पील कापले तर त्याला स्वतःची मुळे नसतात, पोंगाही नसतो, आणि ते सुकते. आईच्या उंचीच्या किमान तिसऱ्या हिश्श्याइतके, शक्यतो निम्मे झाले आणि बुडाशी लाकडी कठीणपणा आला की ते सुटे करण्याजोगे होते. केळीत तलवारीसारख्या अरुंद पानांचे मुनवे लागवडीला निवडतात. इथे उलट, पाने पसरून स्वतःचा पेला धरलेले पील निवडावे.

आदल्या दिवशी पाणी देऊ नये. रोप कुंडीतून काढून आडवे करावे आणि बुडाची जुनी, वाळलेली पाने सोलून काढावीत. आई आणि पील जिथे जोडलेले असतात, तो अंगठ्याएवढा दुवा तेव्हा उघडा पडतो. स्वच्छ, दातेरी सुरीने आईच्या खोडाला लागून कापावे. पिलाच्या बाजूने कापले की त्याचा गड्डा जातो आणि पाने हातात सुटी येतात. निओरेगेलियाच्या काही जातींत पील लांब दांडीवर येते. तिथे हे काम सोपे. जखमेला कोळशाची पूड लावून पील सावलीत एक-दोन दिवस पडू द्यावे. मग दोन-तीन सेंटीमीटरच खोल लावावे. पोंग्यात माती गेली तर कूज लागते. नवे पील कुंडीत डुलत असते आणि डुलले की कोवळी मुळे तुटतात, म्हणून दोन्ही बाजूंनी काड्या रोवून सुतळीने आवळावे. महिन्या-दीड महिन्याने हलके ओढून पाहावे. हाताला विरोध जाणवला म्हणजे मुळे धरली.

हंगामाचे गणितही केळीचेच. मृगात पील काढता येते, पण संततधारेत कापाची जागा सडण्याची भीती असते. कांदेबागेचा काळ, म्हणजे पाऊस ओसरल्यापासून थंडी पडेपर्यंतचा, सर्वांत बरा. मार्चनंतर पिलांना हात लावू नये. पील काढल्यावर आईला टाकून देण्याचे कारण नाही. वर्ष-दोन वर्षे ती जगते आणि आणखी पिले देते. सगळी पिले आईपाशीच राहू दिली तर कुंडीत दाट झुबका होतो. तोही दिसायला वाईट नसतो.

अननसाचा शेंडा. रोपवाटिकेत न जाता या कुलाशी ओळख करून घ्यायची असेल तर बाजारातून हिरव्या, ताज्या शेंड्याचा अननस आणावा. शेंडा पिळून सोडवावा, चिकटलेला गर पूर्ण काढावा, खालची पाने सोलून दोन-तीन सेंटीमीटर दांडा उघडा करावा आणि चार-पाच दिवस सुकवून लावावा. यालाच थोडे कडक ऊन सोसते. फळ यायला दोन वर्षे किंवा जास्तही लागतात आणि ते बाजारातल्यापेक्षा लहान असते.

बियांपासून वाढ घरी फारशी कोणी करत नाही. बी बारीक असते, ते पसरून उघडेच ठेवावे लागते, आणि फुलायला तीन वर्षांपासून पुढे कितीही काळ जातो. पट्टेरी पानांच्या वाणांत बियांची रोपे आईसारखी निघत नाहीत. रोपवाटिकेतली गझमानिया बहुधा ऊतिसंवर्धनाने वाढवलेली असते. हे तंत्र जळगावला ‘ग्रँड नैन’ केळीमुळे आधीपासून माहीत आहे.

फुलोरा आणणे. पुरेसे वाढलेले पील फुलतच नसेल तर त्याला इथिलीन द्यावे. १८७४ च्या सुमारास अझोर्स बेटांवरच्या काचघरांत धुरामुळे अननस एकदम फुलल्याचे लक्षात आले. त्या धुरातला कर्ता घटक इथिलीन होता. पुस्तके यासाठी सफरचंद सांगतात. चोपड्यात त्याची गरज नाही. पोंग्यातले पाणी काढावे, रोपाशेजारी दोन पिकलेली केळी ठेवावीत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीने दोन्ही झाकून तोंड बांधावे. आठ-दहा दिवस सावलीतच. उन्हात पिशवीतले झाड शिजते. केळी काळी पडून गळाली की बदलावीत. दीड ते साडेतीन महिन्यांत तुरा दिसतो. केळी पिकवण्याच्या खोल्यांत चालते तेच हे काम.

डास. पोंगा म्हणजे उघडी टाकी, आणि डेंग्यूचा एडिस डास अशा टाकीतही अंडी घालतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून चार-पाच दिवसांनी पोंगा जोराच्या पाण्याने धुऊन काढावा आणि उलटा करून रिकामा करावा. रॉकेल किंवा तेल टाकू नये. खवले बुजून झाड गुदमरते. भांडी तपासायला आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला या कुंड्या स्वतःहून दाखवाव्यात, कारण त्याची नजर टायर आणि रांजणाकडे असते. त्रिनिदादमध्ये १९४० च्या दशकात कोकोच्या मळ्यांतील सावलीच्या उंच झाडांवर वाढलेल्या ब्रोमेलियाडांच्या पोंग्यांत हिवतापाचे ॲनाफेलिस डास पैदा होत. तिथे ही झाडे मारायला फवारले गेले ते मोरचूदच.