परवचा आणि स्मरणाचे शास्त्र

बीड जिल्ह्यातील केज तालुक्याच्या नांदूरघाट गावचा एखादा विद्यार्थी मानसशास्त्राचे पहिले पुस्तक उघडतो, तेव्हा अवधान, अध्ययन, स्मरण, विस्मरण अशा संज्ञा ओळीने त्याच्यासमोर उभ्या राहतात, आणि आपल्या आज्या-पणज्यांशी सुतराम संबंध नसलेले हे परक्या मुलखाचे शास्त्र आहे, अशी त्याची सहजच समजूत होते. शास्त्र म्हणून ते बाहेरून आले हे खरेच. विल्हेल्म वुंट याने १८७९ साली लाइपझिग येथे प्रयोगशाळा उघडली आणि आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ साली या विषयाचा विभाग सुरू केला. परंतु ज्या मनोव्यापारांचा ते शोध घेते, त्यांची मशागत आपल्याकडे पंतोजींच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, आणि परवचा, म्हणजे रोज संध्याकाळी पाढे एका सुरात म्हणणे, हे तिचे सर्वांत ठसठशीत रूप होय.

दिवेलागण झाली, शुभंकरोती आटोपली, की मुले ओसरीवर मांडी घालून बसत आणि किंचित डोलत, एका सुरात, बेच्या पाढ्यापासून तिसापर्यंत चढत जात. मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी ती अवघड औटकी, म्हणजे साडेतीनपटीचा पाढा. मध्येच एखाद्या वडीलधाऱ्याने “सोळा औट?” असे विचारले, तर “छप्पन्न” हे उत्तर विचार करण्याआधीच ओठांवर आलेले असे. ही ओसरी सर्व जातींच्या मुलांना आणि मुलींना मोकळी नव्हती, हेही येथे स्पष्ट नोंदविले पाहिजे. कारण ज्यांना तिच्यापासून दूर ठेवले गेले, त्यांच्या बुद्धीविषयी पुढे जे हलके बोलले गेले, त्याचे मूळ बुद्धीत नसून त्या मज्जावात होते.

अपूर्णांकांचे एवढे प्रस्थ का, याचे उत्तर व्यवहारात आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै. धान्याचे माप पायली-शेरांत. आणि निजामाच्या अमलात तर हाली शिक्का वेगळा व इंग्रजी मुलखातला कलदार वेगळा, म्हणजे सहा कलदारांस सुमारे सात हाली असा बट्टा. बाजारात बसलेल्या माणसाला कागद-लेखणी कोठून मिळणार? त्याचे दप्तर म्हणजे त्याची स्मृतीच होती.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या माला पाठ करून त्याने पाहिले, की पाठ केलेल्यापैकी निम्म्याहून अधिक भाग तासाभरातच निसटतो. आणि एका दिवशी सलग अडुसष्ट वेळा घोकून जे साधते, तेच तीन दिवसांत विभागून केलेल्या अडतीस आवर्तनांनी साधते. परवचा रोज संध्याकाळी थोडा थोडा का, याचे उत्तर या आकड्यांत आहे. मात्र आपल्या पूर्वजांना मानसशास्त्र ठाऊक होते, असा दावा मी करणार नाही. त्यांना रीत ठाऊक होती. एबिंगहाउसने ती मोजली, आणि मोजल्यावाचून शास्त्र होत नाही.

पंतोजींच्या त्याच शाळेची दुसरी बाजू छडीची होती. घंटेसारख्या साध्या इशाऱ्यामागोमाग अन्न मिळत गेले, की पुढे नुसत्या इशाऱ्यानेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे पाव्हलॉव्हने दाखविले. तद्वतच पाटीमागोमाग छडी येत गेली, की नुसती पाटी पाहूनही मुलाच्या पोटात गोळा येतो. पाठांतराच्या कौतुकात ही गोष्ट झाकली जाऊ नये.

मराठवाड्यात या कहाणीला भाषेचा आणखी एक पदर आहे. हैदराबाद संस्थानात वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू होते, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उच्च शिक्षण उर्दूतूनच दिले जाई. तेथे मानसशास्त्र ‘नफ्सियात’ या नावाने ओळखले जात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ आले, आणि मनाविषयीचा विचार स्वभाषेतून शिकण्याची वाट येथील मुलांना मोकळी झाली. तरी इरादा, याद, अक्कल, जिद्द हे शब्द आपल्या बोलीत राहिलेच, आणि ते राहावेत.

परवचा मात्र ओसरला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, मागोमाग किलो व मीटर आले, आणि औटकीचे व्यवहारातील प्रयोजनच संपले. जे वापरात नाही, ते आठवणीतूनही हळूहळू उतरते.

म्हणून नांदूरघाटच्या विद्यार्थ्याला माझी एक विनंती आहे. गावात ऐंशी पार केलेले कोणी असतील, तर त्यांच्याजवळ बसावे, त्यांना औटकी म्हणायला सांगावी. कोठे अडतात, कोणत्या आकड्यानंतर सूर पुन्हा लागतो, मधूनच विचारले तर येते की पहिल्यापासून म्हणावे लागते, हे वहीत तारखेनिशी टिपून घ्यावे. स्मरणावरचा धडा त्यानंतर वाचावा. हे काम लवकर करावे. औटकी येणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.