रस्त्यावरील व्यक्तिचित्रण
रस्त्यावर, चौकात वा पदपथावर बसून वाटसरूचे चित्र तिथल्या तिथे मोबदला घेऊन काढून देण्याचा व्यवसाय. पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवरचा प्लास द्यु तेर्त्र हा चौक त्याचे प्रसिद्ध केंद्र. १८६० मध्ये पॅरिसला जोडलेल्या या वस्तीत स्वस्त भाड्यामुळे चित्रकार स्थिरावले. आज चौकात बसण्यास नगरपालिकेचा परवाना लागतो. कोळसा, पेस्टल व काँते कांडी ही मुख्य साधने (पहा : रेखाटन). गिऱ्हाईक फार वेळ स्थिर बसत नाही, म्हणून चेहऱ्याची ठेवण व डोळ्यांची जागा आधी पक्की करतात, छायाभेद नंतर. काही चित्रकार अर्कचित्रे काढतात (पहा : अर्कचित्र), तर काही काळ्या कागदातून कात्रीने पार्श्वाकृती कापतात. छायाचित्रणाच्या प्रसारानंतर हा व्यवसाय मुख्यतः पर्यटकांवर चालतो. मुंबईत १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनाबाहेरील पदपथावरही असे चित्रकार बसतात (पहा : जहांगीर कलादालन).